हरवलेला ढेकर

आपल्याकडे जेवणाची पावती ढेकर देऊन देतात. पंगतीत शेवटचा ताकभात संपला, की वडीलधारी मंडळी पोटावरून हात फिरवतात आणि एक खणखणीत ढेकर देतात. पाहुणा तृप्त झाला, हे यजमानाला वेगळं सांगावं लागत नाही. गेल्या दहा वर्षांत मी पुष्कळ पंगतींना बसलो, मनापासून जेवलो. पण ही पावती मला एकदाही नीट देता आली नाही. माझा ढेकर ऑपरेशनमध्ये गेला.

श्रोतेहो, मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि २०२० साली निवृत्त झालो. आज जे सांगणार आहे, ते रुग्ण म्हणून भोगलेलं आणि मास्तर म्हणून समजून घेतलेलं आहे. आम्लपित्तावर, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत उलटं येण्याच्या विकारावर, शस्त्रक्रिया करून घेतलेले लोक आता आपल्याकडेही बरेच आहेत. त्यातले बहुतेक समाधानी असतात. पण काहींच्या वाट्याला निराशा येते. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ऑपरेशन करावं की नाही या विचारात असलेल्यांसाठीही.

‘बहुतेक’ आणि ‘हो’

मला त्रास सुरू झाला चाळिशीत. जेवण झालं की छातीत जळजळ. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं आणि ठसका लागून मी उठून बसायचो. सकाळी वर्गात आवाज बसलेला. रोज अनशापोटी एक गोळी, अशी अकरा वर्षं काढली. गोळीनं जळजळ कमी व्हायची, पण घशाशी पाणी येणं काही थांबेना. शेवटी दुर्बिणीनं तपासणी झाली, म्हणजे एंडोस्कोपी. जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला आहे, त्याला हायटस हर्निया म्हणतात, असं कळलं. सर्जननी ऑपरेशनचा पर्याय सांगितला.

मी एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, कायमचं जाईल ना?”

ते म्हणाले, “बहुतेक जाईल.”

मी त्यातला ‘जाईल’ तेवढा ऐकला आणि ‘बहुतेक’ तिथंच सोडून आलो. फंडातून पैसे काढले आणि २०१४ च्या नाताळच्या सुट्टीत ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या सगळ्या निराशेचं मूळ त्या एका शब्दात आहे, हे समजायला मला चार वर्षं लागली.

उपरण्याचा वेढा

हे ऑपरेशन नेमकं काय करतं, ते आधी पाहू. आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. त्यातल्या एका छिद्रातून ती खाली उतरते आणि जठराला मिळते. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते सैल होतं आणि एरवी आवळलेलं राहतं. श्वासपटलाचं छिद्रही बाहेरून त्याला आधार देतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला ते तेवढं सोसत नाही. म्हणून हे कडं ढिलं पडलं, किंवा छिद्र रुंदावून जठर वर सरकलं, की जळजळ सुरू होते.

ऑपरेशनमध्ये सर्जन दोन गोष्टी करतात. वर सरकलेलं जठर खाली ओढून छिद्र टाके घालून लहान करतात. मग जठराचा वरचा घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. गळ्याभोवती उपरणं गुंडाळावं, तसं. त्या घुमटाला फंडस म्हणतात, म्हणून ऑपरेशनचं नाव फंडोप्लिकेशन. पूर्ण वेढा घातला तर तो ३६० अंशांचा. काही वेळा मागच्या बाजूनं २७० अंशांचा किंवा पुढच्या बाजूनं १८० अंशांचा अर्धवट वेढाही घालतात.

या कल्पनेमागची हकिकत मोठी गमतीची आहे. रुडॉल्फ निस्सेन हे जर्मन ज्यू सर्जन. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांनी देश सोडला आणि ते तुर्कस्तानात इस्तंबूलला गेले. तिथं १९३६-३७ च्या सुमारास त्यांनी एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा व्रण असलेला खालचा भाग काढून टाकला. नवा जोड गळू नये, म्हणून त्याभोवती जठराची घडी गुंडाळली. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाला आम्ल वर येण्याचा त्रासच होत नाही. जोड राखण्यासाठी घातलेली घडी झडपेचं काम करत होती. मग स्वित्झर्लंडमध्ये बाझलला असताना त्यांनी मुद्दाम त्यासाठी ही शस्त्रक्रिया केली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध केली. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या फुगलेल्या रोहिणीवर १९४८ साली शस्त्रक्रिया करणारे सर्जन ते हेच. १९९१ पासून हे ऑपरेशन पोट न फाडता, चार-पाच छोट्या छिद्रांतून दुर्बिणीनं होऊ लागलं आणि जगभर पसरलं.

दार बंद झालं, दोन्हीकडून

आता माझ्या ढेकराकडे येतो. जेवताना, पाणी पिताना, बोलताना आपण थोडी थोडी हवा गिळत असतो. ती जठराच्या वरच्या भागात साचते. जठर ताणलं गेलं, की ते कडं काही सेकंद आपोआप सैल होतं आणि हवा बाहेर येते. हाच ढेकर. गंमत अशी, की आम्ल वर येतं तेही बऱ्याचदा याच सैल होण्याच्या वेळी. म्हणजे हवेचं आणि आम्लाचं दार एकच. आम्लासाठी दार बंद केलं, की हवेसाठीही ते बऱ्याच अंशी बंद होतं. मग हवा जाणार कुठं? काही काळ पोट ढोलासारखं तटतटतं आणि नंतर ती खालच्या वाटेनं जाते. वर्गात चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या मास्तराची यात काय अवस्था होते, ते मी जास्त सांगत नाही.

हा प्रकार माझ्या एकट्याच्या नशिबी आलेला नव्हता. युरोपातल्या अनेक देशांत मिळून ५५४ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. गोळ्यांनी ज्यांना चांगला गुण येत होता, अशांपैकी काहींना गोळ्याच चालू ठेवल्या आणि काहींचं ऑपरेशन केलं. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. घशाशी पाणी येण्याची तक्रार गोळ्यावाल्यांत १३ टक्के, ऑपरेशनवाल्यांत फक्त २ टक्के. इथं ऑपरेशन सरळ जिंकलं. पण पोट फुगण्याची तक्रार गोळ्यावाल्यांत २८ टक्के, तर ऑपरेशनवाल्यांत ४० टक्के. खालून वायू सरण्याची तक्रार ४० आणि ५७ टक्के. गिळताना अडकण्याची ५ आणि ११ टक्के.

हे आकडे नीट पाहा. गोळ्या घेणाऱ्यांचीही पोटं फुगत होती. म्हणून ऑपरेशननंतरचा प्रत्येक गुबारा ऑपरेशनच्या खात्यावर मांडता येत नाही. पण एक त्रास देऊन काही प्रमाणात दुसरा घ्यावा लागतो, हा व्यवहार या ऑपरेशनमध्ये आहेच. तो आधी समजून घेतला, तर माणूस त्याला तयार राहतो. समजला नाही, तर फसवणूक झाली असं वाटत राहतं.

कंपासपेटीतली गोळ्यांची पट्टी

माझे पहिले तीन महिने गिळण्याशी झगडण्यात गेले. पेज, वरणाचं पाणी, मग गुरगुट्या भात. पोळीचा घास छातीच्या मध्यावर अडकून बसायचा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की वेढ्याच्या जागी सूज असते, ती दोन-तीन महिन्यांत उतरते. तशी ती उतरली. वजन सहा किलोंनी घटलं आणि मग स्थिरावलं. दोन वर्षं बरी गेली. पोट फुगायचं, पण आंबट पाणी बंद झालं होतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात छातीत पुन्हा जळजळ सुरू झाली. माझे पायच गळाले. एवढा खर्च, एवढा त्रास, आणि पुन्हा तेच? कुणाला सांगायची लाज वाटली. नातेवाइकांनी आधीच ऐकवलं होतं, “गोळ्यांनी भागत होतं ना? कशाला कापाकापी केलीत?” मी औषधांच्या दुकानातून जुन्या गोळ्या परस्पर आणल्या आणि शाळेच्या कंपासपेटीत लपवून ठेवल्या. दीड वर्ष मी त्या चोरून घेत होतो. डॉक्टरांकडेही गेलो नाही. त्यांना काय तोंड दाखवायचं? जणू परीक्षेत नापास मीच झालो होतो.

एके दिवशी पेन्सिल शोधताना सौभाग्यवतींच्या हाती ती पट्टी लागली.

“अहो, हे काय? कधीपासून घेताय?”

मी गप्प. तीही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वर्गातलं पोर तुम्हाला न सांगता असं काही करत असतं, तर तुम्ही काय केलं असतं? चला, उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

हे घरगुती पुराण मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ऑपरेशनचा गुण आला नाही, की रुग्णाला अपराधी वाटतं. तो डॉक्टरांना टाळतो, मनानं औषधं घेतो आणि खरं निदान लांबत जातं. ऑपरेशननंतर त्रास होणं ही रुग्णाची चूक नव्हे. दर वेळी ती सर्जनचीही चूक असते असं नाही.

तीन कप्पे

डॉक्टरांनी मला जे समजावलं, ते मी मास्तरांच्या पद्धतीनं तीन कप्प्यांत मांडतो. ऑपरेशननंतरचा त्रास या तिन्हींपैकी कुठल्या कप्प्यातला आहे, हे ठरल्याशिवाय उपाय ठरत नाही.

पहिला कप्पा, जुनं दुखणं परतलं. वेढा सैल झाला, सुटला, खाली घसरला किंवा टाके ढिले होऊन जठर पुन्हा छातीत सरकलं. असं होऊ शकतं. स्वीडनमध्ये दुर्बिणीनं हे ऑपरेशन झालेल्या २,६५५ जणांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के लोकांचा त्रास परतला. पण त्या परतलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांना दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागल्या आणि दुसरं ऑपरेशन सुमारे १६ टक्क्यांचंच झालं. म्हणजे त्रास परतला, तरी पुन्हा टेबलावर जायलाच हवं असं नाही.

दुसरा कप्पा, खुद्द ऑपरेशनचं देणं. वेढा घट्ट झाला तर घास अडकतो. सूज उतरण्याचा काळ संपूनही तसंच चालू राहिलं, तर एंडोस्कोपीतून फुग्यासारखं साधन घालून ती जागा ताणून रुंद करता येते. हवा अडकून पोट फुगणं याच कप्प्यातलं. अन्ननलिकेला लागूनच व्हेगस नावाचा मज्जातंतू जातो. त्याला इजा झाली, तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो किंवा जुलाबांचा त्रास होतो.

तिसरा कप्पा सगळ्यात फसवा. जळजळ होते, पण तिचा आम्लाशी संबंध नसतो. अन्ननलिकेच्या संवेदना नाजूक होतात. साधा ताण, थोडी हवा, गिळलेला गरम चहा, या सगळ्याची बातमी मेंदूकडे ‘जळजळ’ म्हणूनच जाते. दुखणं खरं असतं, कारण मात्र वेगळं असतं.

हा कप्पा किती मोठा आहे, याची कल्पना अमेरिकेतल्या एका अभ्यासानं येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळ्यांनी जळजळ थांबत नाही, अशी तक्रार असलेले ३६६ माजी सैनिक होते. त्यांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. नीट तपासणी केल्यावर ९९ जणांच्या जळजळीचं कारण आम्लही नव्हतं आणि अन्ननलिकेचा दुसरा कोणता आजारही नव्हता. आणखी ४२ जणांना तर तीच गोळी दोन आठवडे ठरल्या पद्धतीनं घेतल्यावर बरं वाटलं. सगळ्या चाळण्यांतून गाळून शेवटी ७८ जण खऱ्या अर्थानं शस्त्रक्रियेला योग्य ठरले. त्यांच्यात मात्र ऑपरेशनचा गुण ६७ टक्क्यांना आला आणि जादा औषधं दिलेल्यांत तो २८ टक्क्यांनाच आला. याचा अर्थ ऑपरेशन वाईट नाही. योग्य माणसावर झालं, तर ते चांगलं काम करतं.

माझा कप्पा कोणता?

कप्पा ठरवायला चार तपासण्या लागतात. एंडोस्कोपीत आतलं अस्तर आणि वेढ्याची जागा दिसते. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये घास कसा उतरतो आणि वेढा कुठं आहे, ते कळतं. मॅनोमेट्रीत अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजतात. चौथी पीएच तपासणी. पीएच हा शब्द मी दहावीच्या मुलांना लिटमस कागद दाखवून वर्षानुवर्षं शिकवला होता. आता नाकातून घातलेल्या एका बारीक नळीनं माझ्याच अन्ननलिकेचा पीएच चोवीस तास मोजला. कमरेला डबी आणि हातात वही. जळजळ झाली, की वेळ लिहायची आणि डबीवरचं बटण दाबायचं. तपासणीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी बंद ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आलेख समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, “सर, तुमचा वेढा जागेवर आहे. आम्ल वर येत नाही. तुम्ही नऊ वेळा बटण दाबलंत. त्या नऊपैकी एकाही वेळी आम्ल नव्हतं.”

मी दीड वर्ष चोरून घेत होतो ती गोळी, मला नसलेल्या आजारावर होती. ऑपरेशननंतर पुन्हा गोळ्या सुरू करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं असंच असतं, हे मला नंतर कळलं. तपासणी केली, तर त्यांच्यातल्या अनेकांचं आम्ल सामान्य निघतं. मी मनात दुसऱ्या ऑपरेशनची तयारी करत होतो. ते केलं असतं, तर चांगला वेढा उसवून पुन्हा शिवला गेला असता आणि जळजळ तशीच राहिली असती.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल एवढं लक्षात ठेवा. पहिल्या वेळी झालेल्या जखमांमुळे आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात. त्यामुळे ते पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि त्याचा गुणही पहिल्याइतका येत नाही. वेढा सुटल्याचा, घसरल्याचा किंवा फार घट्ट असल्याचा पुरावा तपासणीत दिसला आणि इतर उपाय थकले, तरच त्याचा विचार करायचा. तोही अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच.

मला डॉक्टरांनी एक वेगळी गोळी फार कमी मात्रेत दिली. दुकानदारानं ती पाहून विचारलं, “ही तर डिप्रेशनवर देतात. कुणासाठी?” मी घाबरून परत डॉक्टरांकडे गेलो. ते हसून म्हणाले, “मोठ्या मात्रेत ती मनावर काम करते. या मात्रेत अन्ननलिकेच्या नसा शांत करते. तुमचं डोकं ठिकाणावर आहे.” दोन महिन्यांत फरक पडला. सगळं गेलं नाही, पण सोसण्याजोगं झालं.

घरात काय बदललं

आता रोजच्या जगण्याचं. यातलं बरंचसं साधं आहे, पण कारण कळलं की पाळायला सोपं जातं.

हवा कमी गिळायची. म्हणजे सावकाश जेवायचं, घास नीट चावायचा, तोंडात घास असताना बोलायचं नाही. बशीतून चहाचे भुरके मारायची माझी चाळीस वर्षांची सवय होती. प्रत्येक भुरक्याबरोबर हवा आत जाते, म्हणून ती सोडली. पाणी गटागटा न पिता घोट घोट प्यायचं. सोडावॉटर आणि बाटलीतली फसफसणारी पेयं वर्ज्य.

पोट जड वाटलं, की आपल्याकडे खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर पाण्यातून घेतात. हा प्रयोग मी शाळेत शेकडो वेळा करून दाखवला आहे. सोड्यावर आम्ल पडलं, की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ज्याला ढेकर येतो, त्याला त्यानं मोकळं वाटतं. ज्याचं दार बंद आहे, त्याचं पोट आणखी ताणतं. माझ्यासारख्यांनी हा उपाय करू नये.

एका वेळी पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं, चार वेळा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी किमान तीन तास. जेवण झालं की शतपावली, लगेच आडवं होणं नाही. उसळी मी सोडल्या नाहीत. नीट भिजवून, मऊ शिजवून, वाटीऐवजी अर्धी वाटी घेतो. ज्यांचं आम्ल खरोखर वर येतं, त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवावेत आणि डाव्या कुशीवर झोपावं. नुसत्या उशा वाढवल्या, तर पोट दुमडतं आणि उपयोग होत नाही. पोटानं सावकाश श्वास घेण्याचा सरावही चांगला. वारंवार हवा गिळण्याची सवय त्यानं मोडते.

एक सावधगिरीची गोष्ट. या ऑपरेशननंतर उलटी होणंही अवघड जातं. आमच्या योगवर्गात मीठपाणी पिऊन वमन करण्याची क्रिया घेत असत. मी तिला हात जोडले. जबरदस्तीनं उलटी काढण्याच्या प्रयत्नात वेढ्यावर ताण येतो. कुठल्याही कारणानं दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर हे ऑपरेशन झाल्याचं सांगायला विसरू नका.

आणि काही लक्षणांच्या वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. छातीत किंवा पोटात अचानक जोरात कळ येऊन नुसतेच कोरडे उमाळे येणं, गिळण्याचा त्रास वाढत जाणं, कारणाशिवाय वजन घटणं, काळं शौच होणं किंवा रक्ताची उलटी. अशा वेळी ताबडतोब डॉक्टर गाठावा. छातीतली प्रत्येक कळ पित्ताची नसते. ती हृदयाचीही असू शकते. घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचं.

जमेची बाजू

तपासण्या होऊन आल्यावर एकदा मी घरी कुरकुरत होतो. पोट फुगतं, ढेकर येत नाही, पैसे गेले, असं काहीबाही. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “रात्री दोन वाजता खोकत उठून बसायचात, ते आठवतं का? शेवटचं कधी उठलात?”

मी आठवून पाहिलं. ऑपरेशननंतर एकदाही नाही. माझा आवाजही पुन्हा बसला नव्हता. निवृत्तीच्या दिवशीपर्यंत मी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा शिकवत होतो. वहीत मी सगळा खर्च लिहून ठेवला होता, जमा मात्र लिहायलाच विसरलो होतो.

म्हणून ऑपरेशनच्या विचारात असलेल्यांना मी सांगतो, ‘कायमचं जाईल ना?’ असं विचारू नका. माझी मुख्य तक्रार कोणती, आणि तिच्यावर हे ऑपरेशन चालतं का, ते विचारा. आम्ल खरंच वर येतं, हे पीएच तपासणीत दिसलं आहे का? अन्ननलिकेचा दाब मोजला आहे का? वेढा पूर्ण घालणार की अर्धवट, आणि का? नंतर पोट फुगलं, गिळायला त्रास झाला तर काय करायचं? आणि डॉक्टर ‘बहुतेक’ म्हणाले, तर तो शब्द नीट ऐका.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि मन खट्टू आहे, त्यांनी गोळ्यांची पट्टी लपवू नये. डॉक्टरांना सरळ सांगावं, ‘मला बरं वाटत नाही.’ आपला कप्पा कोणता, ते तपासून घ्यावं. आणि रोजची गोळी बंद करायची ठरली, तरी ती एकदम मनानं बंद करू नये. काही दिवस आम्ल उसळून येतं आणि आजार परतल्याचा भास होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती हळूहळू कमी करावी.

मागच्या वैशाखात पुतणीचं लग्न झालं. मी सावकाश जेवलो, दोन जिलब्या खाल्ल्या, मठ्ठा घोट घोट प्यालो. व्याही पंगतीतून फिरत माझ्यापाशी येऊन थांबले आणि हात जोडून म्हणाले, “मास्तर, ढेकर आला ना?”

मी म्हटलं, “व्याहीबुवा, आमचा ढेकर डॉक्टरांकडे गहाण आहे. त्याच्या बदल्यात झोप मिळाली. पण जेवण फार उत्तम झालं, हे तोंडानंच सांगतो.”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)